दहांमधल्या सात जणी

सुरुवातीलाच एक सांगून ठेवते. आज ऑस्ट्रेलियातल्या ज्या मूलनिवासी कलावंतांविषयी बोलणार आहे त्यांतले काहीजण आता हयात नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या अनेक मूलनिवासी समाजांत गेलेल्या माणसाचं नाव काही काळ उच्चारत नाहीत, त्याचा फोटो दाखवायचा तर आधी तशी सूचना देतात. त्या रीतीला मान देऊन ही सूचना आधीच देते. दुसरं म्हणजे, 'ॲबोरिजिनल' हा शब्द त्यांना बाहेरच्यांनी चिकटवला. न्यू साउथ वेल्सकडची माणसं स्वतःला 'कूरी' म्हणवतात, क्वीन्सलंडकडची 'मरी'. गोरे आले तेव्हा त्या खंडावर अडीचशेहून जास्त भाषा नांदत होत्या. त्यामुळे 'त्यांची कला' असं आपण एकवचनात म्हणतो तिथेच चुकतो.

आता १९८७ सालच्या सिडनीत या. चिपेंडेल नावाच्या वस्तीत दहा कलावंतांनी मिळून एक सहकारी संस्था काढली. नाव ठेवलं 'बूमाली'. बंजालंग, गमिलरोई आणि विराजुरी या तीन भाषांत हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ आहे घाव घालणे, ठसा उमटवणे. या दहांत सात बाया होत्या: ब्रॉनविन बँक्रॉफ्ट, युफेमिया बोस्टॉक, ब्रेंडा क्रॉफ्ट, फियोना फोली, फर्न मार्टिन्स, ट्रेसी मोफॅट आणि ॲव्हरिल क्वेल. पुरुष तिघेच: मायकल रायली, जेफ्री सॅम्युएल्स आणि अरोन मीक्स. युफेमियाबाई तेवढ्या पन्नाशीला पोचलेल्या. फियोना आणि ब्रेंडा १९६४ च्या, म्हणजे तेविशीतल्या. ट्रेसी सत्ताविशीची. पुढे बसलेल्या मुलींनो, जवळपास तुमच्याच वयाच्या. 'बूमाली ऑ गो गो' हे त्यांचं पहिलं प्रदर्शन. भिंत त्यांची, काय लावायचं ते ठरवणारे तेच, दार उघडणारेही तेच.

स्वतःची भिंत उभारायची वेळ का आली? कारण दुसऱ्यांच्या भिंतींवर जागा मिळत नव्हती. १९७१ मध्ये मध्य ऑस्ट्रेलियातल्या पापुन्या वस्तीतल्या वडीलधाऱ्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर 'मधमुंगी'चं चित्र काढलं, तिथून वाळवंटातल्या ठिपक्यांच्या चित्रांची चळवळ सुरू झाली. ती मोठीच घटना होती. पण पुढच्या दहापंधरा वर्षांत बाजाराने त्यातून एक साचा काढला: वाळवंटातले ठिपके किंवा उत्तरेकडच्या आर्नहेम लँडमधली झाडाच्या सालीवरची चित्रं, तेवढं 'अस्सल'. शहरात वाढलेली, कला महाविद्यालयात शिकलेली कूरी मुलगी कॅमेरा घेऊन आली, कापडावर छपाई करून आली, की प्रश्न ठरलेला: यात मूलनिवासी काय आहे?

या प्रश्नाचा मला अजून संताप येतो. का येतो ते सांगते. न्यू साउथ वेल्समध्ये १९०९ च्या कायद्याने मूलनिवासींच्या 'संरक्षणा'साठी एक मंडळ सरकारी अधिकार घेऊन बसलं, आणि नाव बदलून का होईना, १९६९ पर्यंत चाललं. या मंडळाने आईच्या मांडीवरून मुलं उचलून नेली. कूटामंड्रा गावी मुलींचं एक निवासगृह होतं. तिथे त्यांना झाडू-पोछा, धुणं-भांडी शिकवून गोऱ्या घरांत मोलकरणी म्हणून पाठवत. वस्त्यांवर स्वतःची भाषा बोललं तर शिक्षा व्हायची. ब्रेंडा क्रॉफ्टचे वडील लहानपणीच असे घरापासून तोडलेले, आणि त्या तुटलेपणाकडे ती आपल्या कामात पुन्हा पुन्हा परतली आहे. आजीची भाषा सरकारने हिरावून घेतली, आणि नातीकडे परंपरेचा दाखला मागितला जातो!

हे ऐकताना मला माझ्या एका विद्यार्थिनीची आठवण येते. डहाणूकडची वारली मुलगी. तिची आई बांधकामावर मजुरीला जायची. तिने आईच्या हातांची छायाचित्रं काढली, वर्षभर खपून. परीक्षक आले, पाहिलं, म्हणाले, "पण तू वारली काढत का नाहीस?" ती गप्प बसली. मीही त्या वेळी गप्प बसले, त्याचं मला फार वाईट वाटतं. वारली चित्र हे मुळात लग्नघरातल्या सुवासिनींचं काम. पालघट देवीचा चौक तांदळाच्या पिठाने त्याच लिहितात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे पापुन्याच्याच सुमारास, चित्रकार भास्कर कुलकर्णींनी डहाणूकडच्या चितारणाऱ्यांच्या हाती कागद दिला. जिव्या सोमा मशे यांचं काम जगभर गेलं, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि त्यांचा मान मोठाच आहे. पण भिंतींवर चौक लिहिणाऱ्या बायांपैकी किती जणींची नावं आपल्याला सांगता येतील? आणि त्यांच्या नातीने भिंत सोडून कॅमेरा उचलला, की ती आपल्याला 'अस्सल' वाटेनाशी होते.

बूमालीतल्या मुलींनी उत्तर कामातून दिलं. कापडाचं मी थोडक्यात सांगते: १९८७ मध्येच ब्रॉनविन, युफेमिया आणि मिनी हीथ यांनी छापलेल्या कापडाचे कपडे पॅरिसच्या प्रँताँ या मोठ्या दुकानात दाखवले गेले.

ट्रेसीच्या कामापाशी मात्र थांबावंच लागेल. १९८९ ची 'समथिंग मोअर' ही नऊ छायाचित्रांची मालिका. आडगावातली एक मुलगी, लाल चिनी झगा घातलेली, तिला शहर गाठायचंय. ती मुलगी ट्रेसी स्वतःच झाली आहे. मागे रंगवलेला देखावा, दारात रेंगाळणारी माणसं, सगळं नाटकाच्या नेपथ्यासारखं. कथा सलग सांगितलेली नाही. दोन चित्रांच्या मधे काय झालं ते आपल्यालाच जुळवावं लागतं आणि जुळवताना पोटात गोळा येतो. शेवटच्या चित्रात ती रस्त्यावर पडलेली आहे, आणि कडेच्या पाटीवर लिहिलंय: ब्रिस्बेन ३०० मैल. यात एकही ठिपका नाही. ट्रेसी स्वतः ब्रिस्बेनमध्ये गोऱ्या पालक-कुटुंबात वाढली. २०१७ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात ऑस्ट्रेलियाचं दालन तिला एकटीला मिळालं; असा मान मिळालेली ती पहिली मूलनिवासी कलावंत.

आणि फियोना. ती बाजाला लोकांची, गारी बेटाची. गोऱ्यांनी त्याला फ्रेझर बेट म्हटलं, २०२३ मध्ये जुनं नाव अधिकृतपणे परत मिळालं. बूमालीच्या आदल्या वर्षी, बाविशीत, तिने एक शिल्प केलं होतं: लाकडी दांडीला लटकवलेल्या काळ्या आकृत्या आणि समोर उभी एक पांढरी आकृती. सरळ कत्तलीचं शिल्प. पुढे २००४ मध्ये ब्रिस्बेनच्या दंडाधिकारी न्यायालयाबाहेर सार्वजनिक शिल्प करायचं काम तिला मिळालं. तिने कमळांचे ब्राँझचे देठ उभे केले, काचेच्या खांबांत राख भरली आणि पायाखालच्या फरशीवर क्वीन्सलंडमधल्या ९४ ठिकाणांची नावं कोरली. अधिकाऱ्यांना सांगितलं की या जागा वणव्यांच्या आणि पुरांच्या. काम पुरं होऊन जागेवर बसल्यावर तिने खरं सांगितलं: ही ९४ ठिकाणं मूलनिवासींच्या कत्तलींची आहेत. राख जाळलेल्या प्रेतांची, कमळं पाण्यात फेकलेल्यांची. खरं आधी सांगितलं असतं तर ती फरशी तिथे बसू दिली असती असं मला वाटत नाही. काहींना हे खोटं बोलणं खटकतं. मला नाही खटकत. दीडशे वर्षं ज्यांनी ही नावं दडवली, त्यांच्याच दाराशी ती कोरायला दुसरी वाट कुठली होती?

बूमाली अजून चालू आहे, आता सिडनीच्या लायकार्टमध्ये, आणि अजूनही मूलनिवासी कलावंतांच्याच हातात. त्या डहाणूच्या मुलीला मी गेल्या महिन्यात फोन केला. आईच्या हातांचे फोटो तिने जपून ठेवलेत. ती म्हणाली, "मॅडम, भिंत मिळाली तर सांगा." ती आज इथे आली आहे, आणि तुम्ही आत येताना बाहेरच्या जिन्यालगत जे बारा फोटो पाहिलेत, ते तिचे आहेत.