हाताची घडी, तोंडावर बोट

नमस्कार श्रोतेहो. दीड-पावणेदोन वर्षांचं मूल पेटत्या निरांजनापुढे कसं वागतं, आठवून पाहा. मान जोरजोरात हलत असते, ‘हाऽ हाऽ, नाई’ असं स्वतःलाच बजावणंही चालू असतं, आणि तरी हात पुढे सरकतोच. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, “कळतंय सगळं, मुद्दाम करतो.” मुद्दाम नाही हो. कळणं वेगळं आणि हात आवरणं वेगळं. आवरण्याचं काम मुख्यतः कपाळामागच्या मेंदूकडे असतं, आणि तो भाग पुरता तयार व्हायला विशी उलटते.

मानसशास्त्रज्ञ तीन वर्षांच्या मुलांबरोबर पत्त्यांचा एक खेळ खेळतात. ससे आणि होड्या, काही लाल, काही निळ्या. आधी रंगाप्रमाणे लावायच्या, मग सांगायचं, आता चित्राप्रमाणे लाव. नवा नियम विचारला तर मूल बरोबर सांगतं. पत्ता मात्र पुन्हा रंगाच्याच ढिगावर ठेवतं! चार-पाच वर्षांची बहुतेक मुलं हाच बदल सहज करतात. मधल्या काळात धपाटे घालून ते लवकर येत नाही.

येतं ते बरंचसं खेळातून. रशियन संशोधक मानुइलेंको यांनी 1948 मध्ये मुलांना नुसतं ‘हलू नका’ म्हणून उभं केलं, आणि दुसऱ्यांदा खेळातला पहारेकरी बनवून. पहारेकरी झालेली मुलं कितीतरी जास्त वेळ स्तब्ध राहिली. अगदी लहानांना मात्र पहारेकरी होऊनही ते फारसं जमलं नाही. म्हणजे ‘स्टॅच्यू’ आणि ‘शिवाजी म्हणतो’ यांची गंमत जरा मोठ्यांसाठी. दोन वर्षांच्याला ‘आपडी थापडी’ पुरे. ‘गुळाची पापडी’ म्हणण्याआधी क्षणभर थांबा, आणि ते टाळी कशी रोखून धरतं बघा.

आता लक्ष लागण्याबद्दल. ‘एका जागी बसतच नाही’ ही तक्रार मी रोज ऐकते. पण तेच मूल स्टीलच्या डब्याला झाकण लावताना पाहिलंय का? झाकण उलटं धरलेलं असतं, लाळ हनुवटीवर आलेली असते, अंगठा मध्येच अडकतो. काढतं, फिरवतं, आपटतं, पुन्हा लावतं. आणि नेमकं तेव्हाच आपण विचारतो, “सोनू, झाकण कुठल्या रंगाचं?” किंवा सरळ लावूनच देतो. मोडली ना तंद्री! माझ्या मते लक्ष वाढवणाऱ्या महागड्या खेळण्यांपेक्षा त्या पाच मिनिटांत आपण गप्प बसणं जास्त उपयोगी.

टीव्हीचंही तसंच. अमेरिकेत एक ते तीन वर्षांच्या मुलांना खेळायला बसवून खोलीत मोठ्यांचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम लावून ठेवला. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आहे. मुलं पडद्याकडे क्वचितच बघत होती, बघितलं तरी काही सेकंदच. तरीही त्यांचा खेळ लवकर तुटत होता. तेव्हा ‘तो कुठे बघतो, मालिका मीच बघते’ हे म्हणणं टिकत नाही.

स्टॅनफर्डची मिठाईची परीक्षा पुष्कळांनी ऐकली असेल: एक आत्ता खा, नाहीतर थांब आणि दोन घे. थांबणारी मुलं पुढे शाळेत चमकतात, असा तिचा बोलबाला झाला. 2018 मध्ये नऊशेहून अधिक मुलांवर पुन्हा तपासलं, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तो संबंध बराच फिका पडला. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो रॉचेस्टर विद्यापीठातला प्रयोग. तिथे आधी मुलांना चित्रकलेचं चांगलं सामान आणून देतो म्हणून सांगितलं. निम्म्यांना ते मिळालं, निम्म्यांना ‘संपलं’ म्हणून सांगितलं. मग मिठाई समोर ठेवली. ज्यांना शब्द पाळलेला दिसला होता ती सरासरी बारा मिनिटं थांबली; फसवली गेलेली, तीन.

आणि आपण? ‘सुई टोचत नाही’, ‘रडलास तर बुवा नेईल’, ‘आत्ता येते’ म्हणून मागच्या दाराने पसार. त्यापेक्षा सांगून निघा. रडेल, रडू द्या. घड्याळ त्याला कळत नाही, म्हणून ‘वरणभात खाऊन, झोपून उठलास की मी येईन’ असं सांगा. आणि उशीर होणार असेल, तर आजीला फोन करून तेही त्याला कळवायला सांगा.