मार्क सारखेच, मग वाट वेगळी का?

नमस्कार मंडळी! मघाशी गुणगौरव झाला, टाळ्या मीही वाजवल्या, पण डोक्यात एक किडा वळवळत होता तो आता तुमच्या डोक्यात सोडतो.

समजा दोन मुलं आहेत, दोघांना अगदी सारखे मार्क. एकाच्या घरी चर्चा कुठल्या युनिव्हर्सिटीत जायचं याची, दुसऱ्याच्या घरी मुळात पुढे शिकायचं का याची. हुशारीचा प्रश्नच नाही इथे! रेमों बूदों या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये हेच सुटं करून दाखवलं, की घरच्या परिस्थितीने मार्कांत फरक पडतो तो एक, आणि मार्क सारखे असूनही पुढच्या निर्णयात पडतो तो दुसरा. मला हा दुसरा जास्त बोचतो. कारण नापास झालो तर काय, याचा हिशोब प्रत्येक घरात वेगळा असतो ना, एकाचं एक वर्ष गेलं तर गेलं, दुसऱ्याच्या पगाराची घरी वाट बघत असतात. आणि डॉक्टरांच्या मुलाने कमी शिकून कसं चालेल, घर खाली घसरल्यासारखं वाटतं, म्हणून तिथे तीनतीनदा प्रयत्न होतात.

अमेरिकेत १९६६ मध्ये जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाच्या टीमने ६ लाखांहून जास्त विद्यार्थ्यांची पाहणी केली, त्यात निघालं की शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या पार्श्वभूमीचा मार्कांशी संबंध जास्त. झालं, लोक लगेच म्हणायला मोकळे, "त्यांच्या घरात वातावरणच नाही हो." इथे मला पियर बोर्द्यू हा दुसरा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पटतो. तो म्हणतो शाळा एका ठरावीक घरातली भाषा, वागणं, आवडनिवड हीच गुणवत्ता धरते आणि ज्यांना ते घरी मिळालं नाही त्यांना कमी लेखते.

ॲनेट लारो या अमेरिकन अभ्यासक बाईंनी तर कुटुंबांच्या घरी ठिय्याच दिला होता. त्यातली एक आई डॉक्टरकडे जाताना गाडीतच मुलाला सांगते, काय विचारायचंय ते आत्ताच ठरवून ठेव, आणि तो पोरगा आत जाऊन खरंच विचारतो. एवढंसंच. पण हाच मुलगा उद्या सरांना "माझे दोन मार्क का कापले?" हेही न घाबरता विचारणार. आपण घरी हेच करतो, फक्त त्याला शिकवणं म्हणत नाही.

म्हणून कमिटीला माझी एक विनंती आहे, गुणगौरव करा, पण ज्यांच्या घरातून कॉलेजला जाणारं हे पहिलंच मूल आहे त्यांच्याशेजारी बसून फॉर्म भरून द्यायला चार जण लागतील. मी एक आहे, तीन हवेत, जेवणाच्या आधी मला गाठा.