शिपाई कोण आणि लालबुड्या कोण?

नमस्कार श्रोतेहो. आज आपल्या परसातल्या दोन बुलबुलांबद्दल बोलूया, शिपाई बुलबुल आणि लालबुड्या बुलबुल. एकाच घराण्यातले, आणि शेपटीखाली दोघांनाही लाल, म्हणून लोक नुसतं बुलबुल म्हणून मोकळे होतात. पण शेंडी बघा आणि गाल बघा. शिपायाची शेंडी उंच, टोकदार, गाल पांढरा, डोळ्यामागं लाल ठिपका. लालबुड्याचं डोकं काळं, शेंडी आखूड, गालावर पांढरं नाही, अंगावर खवल्याखवल्यांची नक्षी, आणि उडताना कमरेवरचा पांढरा पट्टा चटकन दिसतो. शेंडी आणि गाल, एवढं पुरे. लालबुड्याला उघडं माळरान, झुडपं चालतात, शिपायाला जरा ओल आणि झाडी बरी वाटते, म्हणून पन्हाळ्याकडं, दाजीपूरकडं तो हमखास.

आता पन्हाळ्याचं नाव निघालं म्हणून सांगतो, तिथं आमच्या आत्याच्या गॅलरीत टांगलेल्या कुंडीत शिपायानं घरटं केलं, वाटीएवढं, गवताचं नि बारीक मुळ्यांचं. आत्यानं कपड्याची दोरी दुसरीकडं बांधली आणि घरात हुकूम, "बाळंतीण हाय ती, दार आपटायचं न्हाई." लोक ऐन विणीत मेंदीच्या कुंपणाची कटिंग करतात ना, त्यांना आत्याकडं पाठवायला पाहिजे, आणि आता तर कुंपणच काढून पत्रे मारायचं फॅड आलंय, मला ते अजिबात पटत नाही, पाखरानं बसायचं कुठं?

तर पिल्लं बाहेर पडली, दांडीवर बसून चोच वासायला लागली, आणि आमचा पोरगा म्हणाला, "आज्जी, ही ह्यांची न्हवंत, गालावर लाल कुठाय? लालबुड्याची असणार." आत्या तापलीच. "अंडी घातल्यापासनं बघायलोय मी, डोळ्यादेखत अळ्या भरवत्यात, मग कुणाची?"

आत्याचंच खरं. शिपायाच्या पिल्लाला तो लाल ठिपका नसतोच, मागनं येतो. परत सांगतो, पिल्लाच्या गालावर लाल नसतं, तेव्हा लाल दिसलं नाही म्हणून लालबुड्या म्हणू नका, भरवायला कोण येतंय ते बघा.

पुढं काही आठवड्यांनी आत्याचा फोन आला, दोडक्याच्या मांडवावर बसलेल्या एकाच्या गालावर लाल फुटलंय म्हणून, आणि माझ्याशी दोन शब्द बोलून लगेच म्हणाली, "तू ऱ्हाऊ दे, पोराला दे फोन."