गोटी, ठोकळे आणि वाळूची बाटली

श्रोतेहो, नमस्कार. दिवाळीची सुट्टी संपली की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शाळांना विज्ञान प्रदर्शनाचे वेध लागतात, आणि मांडलेल्या प्रकल्पांमध्ये कुठे ना कुठे एक साखळीयंत्र असते. उतारावरून सोडलेली गोटी ठोकळ्यांची रांग पाडते, शेवटचा ठोकळा दोरा ओढतो, दोऱ्यामुळे टांगलेले वजन सुटते आणि सरतेशेवटी घंटा वाजते. अशा यंत्रांना रूब गोल्डबर्ग या अमेरिकन व्यंगचित्रकाराचे नाव मिळालेले आहे. १८८३ साली सॅन फ्रान्सिस्को येथे जन्मलेल्या गोल्डबर्ग यांनी अभियांत्रिकीची पदवी घेतली होती आणि काही काळ त्या शहराच्या पाणी व सांडपाणी खात्यात नोकरीही केली होती. ती सोडून ते वर्तमानपत्रांसाठी चित्रे काढू लागले. साधे काम लांबच्या वाटेने करणारी त्यांची यंत्रे वाचकांना हसवण्यासाठी होती, आणि कागदावरचे यंत्र कधी बंद पडत नाही ही सवलत त्यांना होती. शाळेच्या बाकावर मांडलेल्या यंत्राला ती नसते.

असे यंत्र बंद पडते तेव्हा मुले बहुधा गोटीला जास्त उंचीवरून सोडतात. गोटीला दिलेली ऊर्जा टप्प्याटप्प्याने पुढे सरकते आणि शेवटी घंटेपर्यंत पोहोचते, अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात प्रत्येक धडकेत आणि प्रत्येक घर्षणात ऊर्जेचा काही भाग उष्णता व आवाज यांच्या रूपाने निघून जातो, त्यामुळे केवळ गोटीच्या भरवशावर यंत्र दोन-तीन टप्प्यांपलीकडे जात नाही. साखळी चालते ती प्रत्येक टप्प्यावर आधीच साठवून ठेवलेल्या ऊर्जेमुळे. उभा ठोकळा, टांगलेले वजन, ताणलेले रबर ही सगळी स्थितिज ऊर्जेची कोठारे आहेत, आणि मागच्या टप्प्याने फक्त त्यांची कडी काढायची असते. म्हणून आराखडा करताना प्रत्येक जोडाशी दोनच प्रश्न विचारावेत: कडी काढायला किती ऊर्जा लागते, आणि मागून येणारा टप्पा किती देऊ शकतो?

उभ्या ठोकळ्याचेच पाहू. सागाचा सहा सेंटीमीटर उंच, एक सेंटीमीटर जाड आणि तीन सेंटीमीटर रुंद ठोकळा साधारण १२ ग्रॅम भरतो. तो कडेवर कलून तोल जाण्याच्या क्षणापर्यंत त्याचा गुरुत्वमध्य जेमतेम ०.४ मिलिमीटर वर उचलला जातो. त्यानंतर तो आडवा होईपर्यंत गुरुत्वमध्य सुमारे २५ मिलिमीटर खाली येतो. म्हणजे ढकलण्यासाठी खर्चलेल्या ऊर्जेच्या जवळजवळ साठपट ऊर्जा तो मोकळी करतो. रांगेतला ठोकळा पुढच्यावर टेकतो, पूर्ण आडवा होत नाही, म्हणून हा आकडा प्रत्यक्षात कमी भरतो. तरीही उरलेली शिल्लक मोठी असते. या शिलकीच्या जोरावर प्रत्येक ठोकळा आपल्यापेक्षा लांबी, रुंदी आणि जाडी या तिन्ही मापांत दीडपट मोठा ठोकळा पाडू शकतो, हे लॉर्न व्हाइटहेड या कॅनडातील भौतिकशास्त्रज्ञाने १९८३ साली दाखवले. दीडपट हे ऐकायला थोडे वाटते, पण वजन त्यामुळे दर पायरीला सव्वातीनपटीहून अधिक वाढते.

आता हे घंटेपर्यंत नेऊ. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पुळणीवरची कोरडी वाळू भरली तर तिचे वजन ८०० ग्रॅमच्या आसपास जाते. ती लाकडी खुंटीवर टांगली आणि खुंटी ओढली की बाटली सुटून घंटेचा दोर खेचेल, अशी मांडणी आहे असे समजा. खुंटीवर बाटलीचा भार असल्यामुळे ती सहज सरकत नाही. तिला ओढायला तीन न्यूटन बल लागते आणि एक सेंटीमीटर सरकवावी लागते असे धरले, तर ०.०३ ज्यूल कार्य करावे लागते. पाच ग्रॅमची काचेची गोटी वीस सेंटीमीटर उंचीवरून उतरली तर तिच्याजवळ सगळी मिळून ०.०१ ज्यूल ऊर्जा असते. हिशोब इथेच तुटतो. या ठिकाणी हुशार मुले तरफ लावतात, आणि तरीही खुंटी निघत नाही, कारण तरफ बल वाढवते पण तितक्याच प्रमाणात अंतर कमी करते. ऊर्जा ती वाढवू शकत नाही. मधे चार ठोकळ्यांची चढती रांग ठेवली, पहिला सहा सेंटीमीटरचा आणि पुढचे नऊ, साडेतेरा व वीस सेंटीमीटरचे, तर शेवटचा ठोकळा साडेचारशे ग्रॅमच्या पुढे जातो आणि पडताना एक तृतीयांश ज्यूलहून अधिक ऊर्जा मोकळी करतो. खुंटीला हवी त्याच्या दहापटीहून ती जास्त आहे, आणि गोटीला तर फक्त १२ ग्रॅमचा पहिला ठोकळा पाडायचा आहे.

खुंटीचा दोरा मात्र अगदी ताठ बांधू नये. तो ताठ असला तर तोल जाण्याआधीच ठोकळ्याला मागे धरून ठेवतो. थोडी ढील ठेवावी, म्हणजे ठोकळा पुरता कलंडून वेगात आल्यावर दोरा ताणला जातो आणि खुंटीला झटका बसतो. ही ढील टिकवायची असेल तर आपल्या हवेचा विचार करावा लागतो. सुती दोरा दमट हवेत आपली लांबी बदलतो, म्हणून मासेमारीचा जाडसर तंगूस वापरावा. त्याच्या गाठी गुळगुळीतपणामुळे सुटतात, तेव्हा गरी कशी बांधतात हे एखाद्या मच्छीमाराकडून शिकून घ्यावे. खाऱ्या हवेत पोलादी स्प्रिंगा गंजतात, पुठ्ठा मऊ पडतो आणि समुद्राकडे खिडक्या असलेल्या सभागृहात दुपारचे खारे वारे हलके ठोकळे पाडतात. आंब्याच्या पेटीच्या फळ्या उतारासाठी मुले आवडीने घेतात, पण दोन फळ्यांच्या सांध्यावर गोटी अडखळते. उभा चिरलेला बांबू, आतली पेरे तासून, अधिक चांगला.

या उतारावर मोजण्यासारखे एक सुंदर मापन आहे. नववीच्या सूत्राने वीस सेंटीमीटर उतरलेल्या गोटीचा वेग सेकंदाला सुमारे दोन मीटर यायला हवा. मोजला तर तो १.७ मीटरच्या आतच येतो. मुले याचा दोष घर्षणाला देऊन मोकळी होतात. खरे कारण असे की घरंगळणारी गोटी स्वतःभोवती फिरतही असते, आणि भरीव गोलाच्या बाबतीत गतिज ऊर्जेचा दोन सप्तमांश भाग या फिरण्यात असतो. वहीत एवढे एक निरीक्षण नीट मांडले, तर परीक्षक या नात्याने मी त्याला दहा जादा टप्प्यांपेक्षा अधिक गुण देईन.

टप्प्यांचा हव्यास तसाही महाग पडतो. प्रत्येक टप्पा शंभरातून ९५ वेळा चालत असेल, तर असे वीस टप्पे एकामागोमाग बिनचूक चालण्याची शक्यता ३६ टक्केच उरते. तीच खात्री ९९ वर नेली की ती ८२ टक्के होते. म्हणून यंत्र सलग जोडण्याआधी प्रत्येक जोड वेगळा, पुन्हापुन्हा चालवून पाहावा आणि किती वेळा चालला याची नोंद ठेवावी. शेवटचे काम आधी ठरवावे आणि आराखडा तिथून मागे आखत यावा, कारण घंटेला किती ओढ लागते हे कळल्याशिवाय बाटलीत वाळू किती भरायची हे ठरत नाही.

मांडताना ठोकळ्यांच्या रांगेतून मधले दोन-तीन ठोकळे काढून ठेवावेत, म्हणजे धक्का लागून एक भाग पडला तरी बाकीचा उभा राहतो. वाळूची बाटली सगळ्यांत शेवटी टांगावी, तिच्याखाली कोणाचा हात किंवा पाय येणार नाही असे पाहावे, आणि परीक्षक समोर आले की काढलेले ठोकळे जागेवर ठेवून मगच गोटी सोडावी. नमस्कार.