पंचवीस ऐकायचं, 25 लिहायचं

नमस्कार, श्रोतेहो. पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आणि या वयाच्या मुलांच्या आईवडिलांसाठी आजचं हे बोलणं आहे.

‘पंचवीस लिही’ म्हटलं की मूल 52 लिहितं. ‘लक्ष कुठे आहे तुझं?’ हा आपला ठरलेला प्रश्न. खरं तर त्याचं लक्ष अगदी चोख असतं. कानावर आधी ‘पंच’ पडलं, म्हणून त्यानं आधी 5 लिहिला. मग ‘वीस’ ऐकू आलं, म्हणून पुढे 2. मराठीत संख्येचं नाव एककापासून सुरू होतं आणि लिहायचं मात्र दशकापासून. मूल जसं ऐकतं तसं लिहितं. त्याला निष्काळजी म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

त्यात नावांचे मुखवटे वेगळेच. तीन हा तेवीसमध्ये ‘ते’ होतो, त्रेचाळीसमध्ये ‘त्रे’, त्र्याहत्तरमध्ये ‘त्र्या’. सहाची तर ओळखच पटत नाही: सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, शहात्तर. आणि एकोणतीस! शेवटी ‘तीस’ ऐकू येतं, पण दशकं दोनच. मुलं 39 लिहितात ती त्यामुळे. ही ‘एकोण’ची रीत एकोणनव्वदपर्यंत चालते आणि नव्व्याण्णवला एकदम मोडते.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं, तेव्हा झालेला वाद याच अडचणीभोवती होता. वर्गात दोन्ही नावं नांदू द्यावीत असं मला वाटतं. मुलानं ‘वीस पाच’ म्हणावं आणि त्याच दमात ‘पंचवीस’ म्हणावं. मात्र नुसतं नाव बदलून काम होत नाही. ‘वीस पाच’ ऐकून काही मुलं 205 लिहितात, कारण वीस म्हणजे 20 आणि त्यापुढे 5. तेही ऐकल्याबरहुकूमच. म्हणून नावाच्याही आधी दशक मुलाच्या हातात यायला हवं.

त्यासाठी काड्या घ्या. साधारण बोटभर लांबीच्या, सरळ आणि एकसारख्या. मणी किंवा खडे मोजायला ठीक आहेत, पण त्यांची जुडी बांधता येत नाही आणि आपल्याला जुडीच हवी आहे. दोन मुलांच्या एका जोडीला 65 काड्या आणि 8 रबरबँड. रबरबँड रुंद घ्या. बारीक रबर सहा वर्षांच्या बोटांना पीळ देऊन दुसऱ्यांदा चढवता येत नाही, तुटतोही लवकर. एकानं काड्या मुठीत धरायच्या, दुसऱ्यानं रबर चढवायचं.

पहिले चार-पाच दिवस फक्त मोजणं आणि बांधणं. मूठभर काड्या मुलासमोर ठेवा आणि आधी अंदाज विचारा: ‘किती जुड्या होतील?’ मग प्रत्येक काडी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकवत मोजायची. नुसतं बोट लावून मोजलं तर एखादी काडी दोनदा मोजली जाते, एखादी राहून जाते. दहा झाल्या की लगेच जुडी, मग पुन्हा एकपासून. उरलेल्या त्या सुट्या. हे सगळं मुलांनीच करायचं. तयार बांधलेली जुडी मुलाच्या हातात दिली तर त्याच्या लेखी ती एकच वस्तू असते. आत दहा आहेत हे फक्त बांधणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. एका लाल मण्याला दहा म्हणायचं वगैरे प्रकार म्हणूनच पुढच्या वर्षासाठी ठेवावेत.

आता मांडणी. एका मोठ्या कागदावर मधोमध उभी रेघ ओढा. डावीकडचा रकाना जुड्यांचा, उजवीकडचा सुट्यांचा. इथे एक चूक शिक्षकांकडून नकळत होते. कागद वर्गाकडे तोंड करून, स्वतःच्या डाव्या-उजव्यानं दाखवला की मुलांना सगळं उलटं दिसतं. तीच गत गोलात बसवल्यावर होते. समोरच्या मुलाला पंचवीस काड्यांची मांडणी 52सारखी वाचता येते. म्हणून प्रत्येक जोडीला स्वतंत्र कागद द्या, दोघांना शेजारीशेजारी बसवा आणि शिक्षकानं मुलांच्या मागे उभं राहून बोलावं.

काड्यांवरून अंकांवर येताना एकावर एक बसणारी कार्डं फार कामाला येतात. करायला सोपी आहेत, पेन्सिल जवळ असेल तर मापं लिहून घ्या. दशकाची नऊ कार्डं, 10 पासून 90 पर्यंत, प्रत्येक 12 सेंटिमीटर लांब आणि 8 सेंटिमीटर उंच. एककाची नऊ कार्डं, 1 ते 9, प्रत्येक 6 सेंटिमीटर रुंद आणि उंची तीच, 8. दशकाच्या कार्डाचे पेन्सिलीनं दोन सारखे भाग करा. उदाहरणार्थ 20 च्या कार्डावर डाव्या भागाच्या मध्यावर 2, उजव्या भागाच्या मध्यावर 0. अंक अंदाजानं काढले की शून्य मधल्या रेघेवर सरकतो आणि एककाच्या कार्डाखाली पूर्ण झाकला जात नाही. जाड कार्डशीटच वापरा, पातळ कागदातून खालचा शून्य आरपार दिसतो.

‘पंचवीस’ म्हटल्यावर मूल आधी 5 चं कार्ड उचलतं. उचलू द्या. मग ते 20 चं कार्ड घेतं आणि 5 चं कार्ड उजव्या कडेला जुळवून शून्यावर ठेवतं. झाले 25. कोणतं कार्ड आधी उचललं यानं काही बिघडत नाही. पाचाची जागा शून्यावर, हे मुलाला दिसतं. आता 5 उचलून बघायला सांगा: खाली 20 शाबूत आहे. 52 ची चूक इथे सुटते आणि 205 चीही.

काही जण यावर दुसरी युक्ती सांगतात: डावीकडे जागा सोडून आधी 5 लिहायचा, मग त्या जागेत 2. ती टाळावी. दोन अंकांपुरती ती चालते, पण ‘एकशे पंचवीस’ आलं की मुलाची तारांबळ उडते, आणि कळफलकावर तर असं मागे जाऊन लिहिणं गैरसोयीचंच.

वर्गाचा खरा जीव रमतो तो फाश्याच्या खेळात. जोडीत एक फासा, काड्यांचा ढीग मध्ये. फासा टाकायचा, पडतील तितक्या काड्या घ्यायच्या, दहा झाल्या की लगेच जुडी. ज्याच्या तीन जुड्या आधी होतील तो जिंकला. प्रत्येकाला साधारण नऊ डाव लागतात, वीस मिनिटांत खेळ आटपतो. पाच जुड्यांचं लक्ष्य ठेवलं तर अर्ध्या वर्गाचा खेळ अपुरा राहतो. 65 काड्या सांगितल्या त्याचं कारणही इथेच आहे. एकाच्या 29 असताना सहा पडले तर 35, दुसऱ्याकडे तोवर 29 असू शकतात, म्हणजे झाल्या 64. साठच ठेवल्या तर ऐन शेवटच्या डावाला ढीग संपू शकतो.

दोन दिवसांनी खेळ उलटा करा. प्रत्येकाकडे तीन जुड्या, फाश्यावर पडेल तितकं परत द्यायचं. पाच पडले, सुटी काडी एकही नाही. आता काय? बहुतेक मुलं रबर न काढता जुडीतून पाच काड्या उपसतात. तिथे थांबवा. ती पाचाची जुडी ढिल्या रबरात तशीच राहते आणि पुढच्या डावाला मूल तिला दहाच मोजतं. नियम एकच: आधी रबर काढायचं, दहाही काड्या सुट्यांच्या रकान्यात मांडायच्या, मग द्यायच्या. पुढे दुसरीत वजाबाकीला दशक सुटं करतात ते हेच. घाई असेल तर आधीचा, काड्या घेण्याचा खेळ एक दिवस कमी खेळा, पण उलटा खेळ सोडू नका.

‘एकोण’चं कोडंही उलट्या खेळानंतरच सोडवायला घ्या. तीन जुड्या ठेवा, ‘एक कमी तीस’ म्हणा. मूल रबर काढतं, एक काडी बाजूला ठेवतं, उरतात दोन जुड्या आणि नऊ सुट्या. आता कार्डं: 20 वर 9. मग नाव सांगा, एकोणतीस. तपासताना ‘एकोणपन्नास म्हण’ असं सांगू नका, पाठ असेल तर म्हटलं जाईल. ‘एकोणपन्नास मांडून दाखव’ म्हणा. मुलानं पाच जुड्यांकडे हात नेला आणि मग एक सोडवायला घेतली, तर त्याला नावातलं ‘एक कमी’ कळलेलं आहे. थेट चार जुड्या आणि नऊ सुट्या उचलल्या तरी उत्तर बरोबरच.

तासिका संपायला पाच मिनिटं असताना खेळ थांबवा. प्रत्येक जोडीनं आपल्या काड्या सहा जुड्या आणि पाच सुट्या अशा बांधून पिशवीत भरायच्या. सुट्या चारच भरल्या, तर एक काडी सतरंजीखाली शोधायची.