बेदाणा, भिंत आणि वाळूमाशी

(विट्याजवळच्या एका गावात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, डेंग्यूनं आपल्याला एक सवय लावली. ताप आला की बॅरल पालथं करायचं, टायरातलं पाणी ओतायचं. आज जिच्याबद्दल बोलायचंय, ती माशी साचलेल्या पाण्याकडं फिरकतही नाही. नाव वाळूमाशी, पण वाळूशी नातं रंगापुरतंच. अंडी घालते ती गोठ्यातल्या ओलसर, शेणामुतानं मुरलेल्या मातीत. दिवसा भिंतीच्या भेगेत अंधारात बसते. आपली जुनी माळवदी घरं आठवा, म्हणजे तिला काय आवडतं ते कळेल.

आकार दोन-तीन मिलिमीटर. चिलट समजून तुम्ही हाकलाल. बसल्यावर पंख मिटत नाही, उभे फाकवून ठेवते, ही तिची खूण. गुणगुणत नाही, आणि साध्या मच्छरदाणीच्या भोकातून सहज आत येते. उडण्यात मात्र कच्ची, टुणटुण उड्या मारत जाते. म्हणून बिहारात भिंतीवर औषध फवारतात ते साधारण सहा फुटांपर्यंतच.

तिकडं तिच्यामुळं काळा आजार होतो. ताप आठवडेच्या आठवडे हटत नाही, माणूस वाळतो, रक्त कमी होतं, आणि डाव्या बरगडीखाली पाणथरी, म्हणजे प्लीहा, फुगते. उपचार झाले नाहीत तर बहुतेक रोगी दगावतात. कारण एक सूक्ष्म परजीवी, लेशमॅनिया डोनोव्हानी.

आता जरा बेदाण्याच्या तासगावकडं वळू. हसू नका, बेदाण्याचा इथं खरंच संबंध आहे! हा परजीवी माशीच्या पोटात कलकत्त्यात 1924 साली दिसला होता. पण माशी चावून माणसाला रोग होतो, हे काही केल्या सिद्ध होईना. रोग्याचं रक्त प्यायलेल्या माशा प्रयोगशाळेत जगवायच्या, त्यांना पुन्हा रक्त पाजायचं, आणि परजीवी नेमका वाढत नसे. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, माशी काय फक्त रक्तावर जगते का? रानात ती झाडांचा गोड रसही पिते. तेव्हा पहिल्या रक्तानंतर तिच्यापुढं बेदाणे ठेवले. साखर मिळाली तशी परजीवींची इतकी बेसुमार वाढ झाली की माशीचा घसाच तुंबला. असली माशी चावताना ओकते, आणि तोच ऐवज माणसाच्या अंगात उतरतो. 1942 मध्ये आसामात स्वयंसेवकांना अशा माशा चाववल्या, तेव्हा कुठं पुरावा हाती आला. मधे अठरा वर्षं गेली. रोग मुद्दाम अंगावर घेणाऱ्या त्या माणसांची आठवण कुणी काढत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मागून एक ताई विचारतायत, हे बिहारचं आम्हाला कशाला? ताई, ही माशी डास नव्हे, फार लांब जात नाही. लांब जातो तो माणूस. आपल्या देशात हा परजीवी मुख्यतः माणसाकडून माशीत आणि माशीकडून माणसात जातो. आणि खानापूर-आटपाडीची आपली गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी, पोरं देशभर दुकानं मांडून बसलीत. त्यातलं कुणी पूर्वेकडं असेल, तर जत्रेला येताना ते ताप घेऊन येऊ शकतं. चावा आणि ताप यांत कधी कधी महिने जातात, म्हणून डॉक्टरच्या डोक्यात तो विचार येत नाही. दोन आठवड्यांवर ताप गेला आणि मलेरिया-टायफॉइड निघाला नाही, तर पोरगं मागचं वर्षभर कुठं राहत होतं ते डॉक्टरांना आधी सांगा. बोटाच्या थेंबभर रक्तावर तपासणी होते, मिनिटांत कळतं.

आणि हो ताई, गोठ्याच्या भिंतीच्या भेगा लिंपायला बिहारची वाट बघायची गरज नाही.