केस कशाने गळतात, ते आधी बघा

(दृश्य : आठवडी बाजार. तेलाच्या बाटल्यांचं दुकान.)

केस गळायला लागले की गावात पहिली धाव तेलाकडे. तेलाने केस मऊ राहतात, कमी तुटतात. पण मुळापासून गळणारा केस तेलाने थांबत नाही. कारण न बघता उपचार सुरू केला की पैसाही जातो आणि हातचे महिनेही.

बुलडाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड या गावांत 2024 सरता सरता लोकांचे केस झुपक्याझुपक्याने हातात यायला लागले. थोड्याच दिवसांत टक्कल. आधी संशय पाण्यावर गेला, मग बुरशीवर. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या तपासणीत रेशनच्या गव्हात सेलेनियम हे खनिज फार जास्त आढळलं. सेलेनियम शरीराला किंचितच लागतं. जास्त झालं की केस आणि नखं जातात. त्यावर डोक्याला लावायचं औषध नाही, ते पोटात जाणं थांबवावं लागतं. वस्तीतल्या अनेकांचे केस एकदम जात असतील तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. घरातलं धान्य फेकू नका, तपासणीसाठी थोडं बाजूला ठेवा.

(दृश्य : कपाशीची वेचणी.)

एरवी खूप दिसते ती आजारानंतरची गळती. टायफॉइड, डेंग्यू, चिकुनगुनिया, बाळंतपण, ऑपरेशन. यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भराभर जातात. ताप येतो श्रावणात, केस जातात वेचणीच्या दिवसांत. त्यामुळे दोन्हींचा संबंध कुणी लावत नाही. घरी पाहायचं असेल तर न धुतलेल्या केसांची 50-60 केसांची बट चिमटीत धरून हळूच ओढा. सहाहून जास्त केस आले तर गळती चालू आहे. ही गळती बहुतेकदा सहा महिन्यांत आपोआप थांबते. बाईमाणसाचं मात्र हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या. लोहाची गोळी चहासोबत घेतली तर अंगी लागत नाही. चहा आणि गोळीत निदान तासाभराचं अंतर हवं.

डोक्यावर रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई. त्यावर लसूण चोळू नका, कातडी भाजते. त्वचारोगतज्ज्ञ चट्ट्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, साधारण चार ते सहा आठवड्यांनी एकदा. लेकराच्या डोक्यावर खवले आणि तुटके केस दिसले तर तो नायटा. मलम केसाच्या मुळापर्यंत पोचत नाही. डॉक्टरांनी दिलेलं पोटातलं औषध कित्येक आठवडे घ्यावंच लागतं आणि तोवर त्याचा कंगवा वेगळा ठेवायचा.

(दृश्य : ड्रॉपर, आतल्या 1 मिलीच्या खुणेवर कॅमेरा.)

कपाळाच्या कोपऱ्यांतून किंवा टाळूवरून केस हळूहळू विरळ होत गेले, बायांचा भांग रुंद होत गेला, तर ते वंशाचं टक्कल. यावर मिनॉक्सिडिल हे डोक्याला लावायचं औषध. पुरुषांना 5 टक्क्यांचं, 1 मिली, दिवसातून दोनदा. बायांना किती, ते डॉक्टर ठरवतात. डोकं कोरडं हवं. तेल चोपडलेल्या डोक्यावर औषध कातडीपर्यंत पोचतच नाही. भांग पाडा, थेंब केसांवर नाही, कातडीवर सोडा, बोटाने पसरवा, हात धुवा. चार तास डोकं धुऊ नका. झोपण्याच्या दोन तास आधी लावा, नाहीतर औषध उशीला पुसलं जातं आणि तिथून चेहऱ्याला लागून नको तिथे लव येते.

पहिल्या दोन महिन्यांत गळती वाढते. जुने केस जाऊन नव्यांना जागा होते ती, आणि नेमकं इथेच बहुतेक जण बाटली सोडतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. औषध थांबवलं की आलेले केस काही महिन्यांत पुन्हा जातात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी ते लावू नये.

पुरुषांसाठी फिनास्टेराइड 1 मिलिग्रॅमची गोळी आहे, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्या. काहींची कामेच्छा कमी होते. गरोदर बाईने फुटलेल्या गोळीला हातही लावू नये. केसरोपण शहरात होतं. त्यात मागचे केस पुढे लावतात, नवे केस तयार होत नाहीत. म्हणून रोपणानंतरही उरलेल्या केसांसाठी औषध चालूच ठेवावं लागतं.